आधी मुलाला विचारा : बालहक्क वकिलीच्या उन्हाळी फेलोशिपचा अनुभव

विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने एकूण किमान 20 आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला पाहिजे, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. आमच्या महाविद्यालयातले बहुतेक जण हा अनुभव मोठ्या वकिलांच्या कार्यालयांत किंवा उच्च न्यायालयात घेतात. मी मात्र 2025 च्या उन्हाळ्यासाठी, मुलांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेच्या फेलोशिपला अर्ज केला. काम मुंबईलगतच्या एका जिल्ह्यात होते, मानधन प्रवास आणि जेवणखाण भागेल इतके होते आणि राहण्याची सोय ज्याची त्याने करायची होती. संस्थेचे आणि जिल्ह्याचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि नाव न देताही गाव, तारीख व प्रकरण एकत्र आले की ओळख पटतेच. त्यामुळे पुढे ज्या मुलांविषयी लिहिले आहे त्यांचे तपशीलही बदललेले आहेत.

अर्जात गुणपत्रिका आणि शिफारसपत्राखेरीज दोन प्रश्न होते. मुलाची इच्छा एक असेल आणि त्याच्या वकिलाला त्याचे हित दुसऱ्याच गोष्टीत दिसत असेल, तर वकिलाने काय करावे, हा पहिला. अर्जदाराला कोणत्या भाषा बोलता येतात आणि कोणत्या लिप्या वाचता येतात, हा दुसरा. मुलाखतीत माझ्या हातात एका हस्तलिखित पंचनाम्याची छायाप्रत देण्यात आली आणि ती मोठ्याने वाचायला सांगितली गेली. पोलीस ठाण्यातले ते घाईचे, मोडी वळणाकडे झुकलेले अक्षर वाचता वाचता मला या निवडपद्धतीचे महत्त्व कळले. आमच्या महाविद्यालयांत निबंध इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत आणि अभिरूप (म्हणजे सरावाची) न्यायालयेही इंग्रजीत चालतात. पण मुलाची फिर्याद, पंचनामा, शाळेचा दाखला, मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि आईचे प्रतिज्ञापत्र हे सगळे मराठीत असते. जो विद्यार्थी हे कागद अडखळत वाचतो, तो मुलाच्या बाजूने फार काळ उभा राहू शकत नाही. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांचे बळ येथे थेट उपयोगी पडते, आणि निवड करणाऱ्यांनी ते ओळखले याचे मला मनापासून समाधान वाटते. निवड झाल्यावर पोलीस पडताळणीचा दाखला आणि बालसंरक्षण धोरणावरची सही घेतली गेली. मुलांची छायाचित्रे काढायची नाहीत, स्वतःचा फोन क्रमांक मुलाला द्यायचा नाही, बंद खोलीत मुलासोबत एकटे बसायचे नाही, अशा अटी त्यात होत्या.

पहिले काही दिवस प्रशिक्षणाचे होते. कायदा आम्ही वर्गात वाचलेला होताच, पण तो कशातून घडला हे इथे समजले. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत डांबलेल्या मुलांची माहिती देशभरातील जिल्हा न्यायाधीशांकडून मागवली होती. त्या निकालाची पाने वाचताना, प्रौढ कैद्यांच्या बराकीत मूल ठेवणे ही फार जुनी गोष्ट नाही, हे लक्षात येते. अमेरिकेतील गॉल्ट प्रकरणही आम्हाला वाचायला दिले होते. ॲरिझोना राज्यात 1964 मध्ये जेराल्ड गॉल्ट या 15 वर्षांच्या मुलावर एका शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप होता. त्याला वकील मिळाला नाही आणि 21 वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा आदेश झाला. प्रौढ माणसाला त्याच कृत्याबद्दल फार तर 50 डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. 1967 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून मुलालाही वकिलाचा हक्क आहे असे ठरवले. मुलाच्या भल्यासाठीच हे चालले आहे, असे सगळे म्हणत असतानाच त्याचे हक्क कसे निसटतात, हे त्या निकालाइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही.

याच काळात आम्हाला मुंबईतील डोंगरीचे निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते ठिकाण, दाखवायला नेले होते. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये 101 दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंग आम्हाला शाळेच्या इतिहासातून माहीत होता. त्याच जुन्या तुरुंगाच्या जागी आता मुले ठेवली जातात.

मुलांशी बोलायचे कसे, यावर प्रशिक्षणाचा सर्वांत अधिक वेळ गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्यातून मुलाला फक्त आरोप ऐकू येतो. घडलेली घटना पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची नाही. आपल्या हातात नाही ते, म्हणजे ‘उद्या नक्की सुटशील’ असे काही, कधीही बोलायचे नाही. आणि ‘तू मला सांग, मी कुणाला सांगणार नाही’ हे वाक्य तर पूर्ण वर्ज्य, कारण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम 19 नुसार ते कळवणे बंधनकारक असते. म्हणून बोलणे सुरू होण्याआधीच मुलाला सांगायचे की बहुतेक गोष्टी आपल्या दोघांत राहतील, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला ते सांगावे लागेल. असे आधी सांगितले तर मुले बोलायची थांबतील, अशी भीती मला वाटत होती. प्रत्यक्षात उलट घडले. नियम कळल्यावर ती अधिक मोकळी झाली.

आमचे रोजचे काम, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापासून सुरू होई. महानगर दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, ज्यांत किमान एक महिला असलीच पाहिजे, अशी मंडळाची रचना असते. तिथे उंच चौथरा नसतो, पिंजरा नसतो, पोलिसांनी गणवेशात यायचे नसते आणि मुलाला बेडी घालायची नसते. मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. आम्ही विद्यार्थी असल्यामुळे वकीलपत्र आमचे नसे आणि युक्तिवादही आमचा नसे. सुनावणीआधी मुलाशी आणि पालकांशी बोलणे, कागद जमवणे, अर्जाचे मसुदे करणे आणि सुनावणीनंतर काय झाले ते मुलाला समजावून सांगणे, ही आमची कामे होती. या शेवटच्या कामाला वेळ देणारे दुसरे कुणी तिथे नसते, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिले. परिविक्षा अधिकाऱ्यांवर कामाचा डोंगर असतो, मोफत मदतीच्या पॅनेलवरच्या वकिलांना पुढच्या न्यायालयात पोचायचे असते, आणि मूल आपले काय ठरले हे न कळताच पोलिसांच्या मागे गाडीकडे चालू लागते.

एका सकाळी मोबाइल चोरीच्या प्रकरणातला 15 वर्षांचा एक मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या आणि तो सारखा दाराकडे पाहत होता. मी वहीच्या पानावर एक चौकोन काढला, त्यात टेबल काढले, दंडाधिकारी कुठे बसतात, दोन सदस्य कुठे, लिहून घेणारे कुठे, आमच्या ज्येष्ठ वकील कुठे आणि तो स्वतः कुठे, अशी गोल चिन्हे केली. त्याने स्वतःच्या गोलावर बोट ठेवले आणि विचारले, “आणि आई कुठे?” मी त्याच्या शेजारी आणखी एक गोल काढला. मग त्याने उभे राहायचे की बसायचे, ‘साहेब’ म्हणायचे की ‘मॅडम’, आणि एखादा प्रश्न समजला नाही तर काय करायचे, हे एकेक करून विचारून घेतले. समजले नाही तर ‘समजलं नाही’ असे म्हणायचे, त्याचा राग कुणाला येणार नाही, एवढेच मी त्याला सांगितले. आत गेल्यावर पहिल्याच प्रश्नाला त्याने ते वाक्य वापरले आणि अध्यक्षांनी प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारला. मुलाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे असे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्ये लिहिलेले असते. तो हक्क वापरण्यासाठी मुलाला कुणीतरी दहा मिनिटे द्यावी लागतात.

मंडळापुढची चौकशी मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते, सबळ कारण असल्यास आणखी दोन महिने मिळतात, आणि किरकोळ अपराधाच्या प्रकरणात तेवढ्यातही निर्णय झाला नाही तर कलम 14 नुसार कार्यवाही आपोआप संपते. ‘आपोआप’ असे कायदा म्हणतो, पण तसा अर्ज कुणी केल्याशिवाय प्रकरण तारखांवर चालत राहते. मे महिन्यात आम्हाला जुने रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले त्याच्या नोंदी, वाचून पहिल्या हजेरीच्या तारखांचा तक्ता करायचे काम दिले होते. दिसायला हे कारकुनी काम, पण संपूर्ण फेलोशिपमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम तेच. सहा महिने उलटून गेलेली जी प्रकरणे सापडली, त्यांतला एक मुलगा आता केटरिंगच्या कामावर जात होता आणि प्रत्येक तारखेला त्याचा रोज बुडत होता. अर्ज झाल्यावर त्याचे प्रकरण बंद झाले. निरोप सांगायला फोन केला तेव्हा त्याने एकच गोष्ट दोनदा विचारली: आता पोलीस पडताळणीत हे येईल का? बाल न्यायाच्या प्रक्रियेतून गेल्यामुळे मुलावर कोणतीही अपात्रता येत नाही, असे कलम 24 सांगते, आणि ते कलम त्याला समजेल अशा भाषेत लिहून, संस्थेच्या शिक्क्यासह आम्ही त्याच्या हातात दिले.

आता मी ज्या प्रकरणात सर्वांत जास्त गुंतले त्याविषयी. जिल्हा कारागृहात प्रौढ म्हणून ठेवलेल्या एका मुलाची आई संस्थेच्या कार्यालयात आली होती. कुटुंब मूळचे बीड जिल्ह्यातले, वर्षातले काही महिने ऊसतोडीला जाणारे. दोन मोठ्या माणसांसोबत मुलाला अटक झाली होती आणि त्याच्या आधार कार्डावर 1 जानेवारी 2006 ही जन्मतारीख असल्यामुळे अटकेच्या कागदांत त्याचे वय 19 लिहिले गेले होते. आई म्हणत होती, “बाई, त्याला अजून अठरा पुरं नाही.” घटना मार्च महिन्यातली होती.

वय ठरवण्याचा क्रम कलम 94 मध्ये आहे. आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा माध्यमिक मंडळाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि हे दोन्ही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात कुठेही नाही, आणि ते जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्टही केले आहे. अल्पवयीन असल्याचा दावा कलम 9 नुसार कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो. कायदा इतका नेमका असताना ते मूल तुरुंगात होते ते एका कागदाच्या अभावी, आणि तो कागद आणायला गावी जाणे आईला परवडत नव्हते, कारण गेली तर धुण्याभांड्यांची कामे जाणार होती. संस्थेच्या एका कार्यकर्त्यासोबत मी गेले.

जिल्हा परिषदेची शाळा उन्हाळ्याच्या सुटीमुळे बंद होती. मुख्याध्यापक शेजारच्या गावात राहत होते. दुपारच्या उन्हात ते दुचाकीवर आले, कुलूप काढले आणि लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर बाहेर काढले. लाल कापडी बांधणीचे ते जाडजूड रजिस्टर टेबलावर उघडले तेव्हा त्याच्या कडा भुगा होऊन हाताला लागत होत्या. नोंदणी क्रमांक, मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, दाखल झाल्याची तारीख, शेवटी मुख्याध्यापकांची सही. मुलाच्या ओळीत 1 जून 2007 ही तारीख होती. तिच्या वरच्या ओळीतही 1 जून होती आणि खालच्याही ओळीत 1 जून. गावाकडच्या शाळांत दाखल करताना पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून लिहीत, हे महाराष्ट्रात घराघरांत ठाऊक आहे. सरकारी वकील नेमके हेच दाखवून नोंद अविश्वसनीय ठरवतील, हे आम्हालाही दिसत होते. शिवाय शाळा सोडल्याचा दाखला किंवा रजिस्टरचा उतारा म्हणजे कलम 94 ला अपेक्षित असलेला दाखला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या एका निकालात म्हटलेले असल्याने आमच्या ज्येष्ठ वकिलांनी निघतानाच बजावले होते की मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा स्वतंत्र जन्मतारखेचा दाखला घ्या, आणि तेवढ्यावर न थांबता ग्रामपंचायतीची जन्मनोंदही शोधा.

ग्रामपंचायतीत 2007 ची नोंदवही सापडली. बाळाच्या नावाचा रकाना कोराच होता, पण आईवडिलांची नावे जुळत होती, आणि तारीख ऑक्टोबरची होती. शाळेची तारीख आणि ही तारीख यांत काही महिन्यांचे अंतर होते, तरी कोणतीही धरली तरी मार्च 2025 मध्ये मुलगा 18 वर्षांखालचाच ठरत होता. ग्रामसेवकांनी प्रमाणित प्रत त्याच दिवशी दिली. मुख्याध्यापकांना पुढे न्यायालयात साक्षीला यावे लागेल असे सांगताना मला संकोच वाटत होता, त्यांनी मात्र रजिस्टर परत कपाटात ठेवत शांतपणे सांगितले, “माझ्या वर्गात होतं ते पोरगं. येईन मी.” आणि सुटी चालू असूनही रजिस्टर घेऊन ते रात्रीच्या एसटीने आले. जूनमध्ये न्यायालयाने घटनेच्या दिवशी मुलगा 18 वर्षांखालील होता असे नोंदवून त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवले आणि त्याला कारागृहातून निरीक्षणगृहात हलवण्यात आले. अपराधाबाबत निर्णय व्हायचा होता आणि तो या लिखाणाचा विषय नाही. पण तोपर्यंतचे महिने त्याने प्रौढांच्या बराकीत काढले होते, आणि ते त्याला कुणीही परत देऊ शकत नाही. अटकेच्या वेळी आईला ‘शाळा कोणती?’ एवढे विचारले गेले असते तर हे टळले असते.

जामिनाविषयी थोडक्यात सांगते. कलम 12 नुसार मुलाला जामीन मिळणे हा नियम आहे. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या शरीराला, मनाला वा नीतीला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हरवेल, असे वाटण्यास सबळ कारण असेल तरच तो नाकारता येतो आणि ते कारण लिहावे लागते. जामीन मंजूर होऊनही अट पूर्ण करता न आल्याने सात दिवसांत मूल सुटले नाही, तर अट बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणायचे, असेही पोटकलम 4 सांगते. वडील परगावी, आई आजारी, जामीनदार कुणी नाही, अशा एका मुलासाठी आम्ही हा अर्ज तयार केला. आत्याच्या साध्या हमीपत्रावर तो सुटला.

या ठिकाणी एका प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे, कारण मी काय काम करते हे कळल्यावर पुण्यात प्रत्येकाने मला तो विचारला: ही मुले तर लगेच सुटतात ना? मे 2024 मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला आणि सगळ्या महाराष्ट्रात संताप उसळला. दोन तरुण जीव गेले होते, त्यामुळे तो संताप मला समजतो. मात्र त्या संतापात लोकांचा असा समज झाला की बाल न्याय मंडळात जाणारे प्रत्येक मूल श्रीमंत घरचे असते आणि लगेच सुटते. मी पाहिलेल्या मुलांच्या पालकांत भाजी विकणारे, बिगारी, घरकाम करणाऱ्या बायका आणि रिक्षाचालक होते, आणि त्यांची मुले कायद्यात लिहिलेल्या मुदतीपेक्षा लवकर नव्हे, उशिरा सुटत होती. त्या एका प्रकरणात पुढे 25 जून 2024 रोजी उच्च न्यायालयाने जामिनानंतरही मुलाला निरीक्षणगृहात ठेवणे बेकायदा ठरवले, तेव्हा न्यायालयाने लागू केलेला कायदा तोच होता जो या भाजीवाल्याच्या मुलालाही मिळायला हवा. कायदा कडक करण्याची मागणी करणाऱ्यांनी एकदा मंडळाच्या बाहेरच्या बाकावर सकाळभर बसून पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

बालकल्याण समितीपुढचे काम निराळे होते. तिथे गुन्ह्याचा प्रश्न नसतो. हरवलेली, घरातून निघालेली, भीक मागायला लावलेली, बालविवाहातून सोडवलेली मुले तिथे येतात. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती महिन्यातून किमान 20 दिवस बसते, आणि न्यायालयांसारखी उन्हाळी सुटी तिला नसते. 16 वर्षांची एक मुलगी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करून बालिकागृहात आली होती. पुढच्या सुनावणीत तिने कुठे राहायचे हे ठरणार होते. वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असे हमीपत्र देऊन पालक तिला घरी नेऊ पाहत होते. आमच्या गटाचे मत असे की घरी दबाव येईल, म्हणून तिला बालिकागृहातच ठेवावे. अर्जातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता मला कागदावर नव्हे, प्रत्यक्ष द्यायचे होते.

मी तिला विचारले, तुला काय हवे आहे. ती म्हणाली, “ताई, माझा अकरावीचा फॉर्म.” 13 मे रोजी दहावीचा निकाल लागला होता, ती उत्तीर्ण झाली होती, आणि त्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले होते. नोंदणीसाठी मोबाइलवर येणारा ओटीपी हवा होता, तिचा फोन घरी राहिला होता आणि मुदत संपत आली होती. आम्ही सगळे तिच्या मुक्कामाची चर्चा करत होतो आणि ती रात्रंदिवस त्या मुदतीचा हिशेब करत होती. पुढे बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली जी कोणत्याही अहवालात नव्हती: तिला आईपासून तुटायचे नव्हते, पण आजोबा असलेल्या घरात राहायचे नव्हते, आणि तालुक्याच्या गावी तिची मावशी होती जिच्या घरापासून कनिष्ठ महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर होते. हे सर्व तिच्या शब्दांत लिहून, तिला वाचून दाखवून, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवल्यावर आमच्या वकिलांनी ते समितीपुढे मांडले. समितीने अर्ज त्याच दिवशी तिथल्याच संगणकावरून अधीक्षिकांच्या क्रमांकाने भरून घेण्यास सांगितले, मावशीच्या घराची चौकशी करून अहवाल मागवला आणि अहवाल आल्यावर मुलीला मावशीच्या ताब्यात दिले. आम्हाला सुचलेले दोन्ही पर्याय तिला नको होते आणि तिसरा फक्त तिलाच माहीत होता.

म्हणूनच, मुलाची इच्छा आणि मुलाचे हित यांना दोन टोकांवर ठेवून केलेली चर्चा मला आता अपुरी वाटते. मुलाने मागितले ते सगळे द्यावे, असे माझे म्हणणे नाही. मारहाण होणाऱ्या घरी परत जाण्याचा हट्ट धरणारी लहान मुलेही मी पाहिली. पण हित ठरवण्यासाठी लागणारी निम्मी माहिती मुलाकडे असते, आणि त्याला न विचारता घेतलेला निर्णय अर्ध्या माहितीवर घेतलेला असतो, मग तो कितीही चांगल्या मनाने घेतलेला असो.

पोक्सोच्या विशेष न्यायालयातले काम जूनमध्ये, सुटीनंतर सुरू झाले, आणि तिथे मी मुख्यतः पाहून शिकले. मुलाला थेट उलटतपासणीला सामोरे जावे लागू नये म्हणून कलम 33 नुसार दोन्ही बाजूंचे वकील आपले प्रश्न न्यायाधीशांना देतात आणि ते मुलाला न्यायाधीश विचारतात. साक्ष बंद दाराआड होते, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ दिला जात नाही, आणि 2020 च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासोबत एक आधार व्यक्ती नेमू शकते. नऊ वर्षांच्या एका मुलीला साक्षीच्या आदल्या आठवड्यात रिकामे न्यायालय दाखवायला आम्ही परवानगी घेऊन नेले होते. तिने पडदा हाताने सरकवून पाहिला, पलीकडे जाऊन ‘मी दिसते का?’ असे विचारले आणि दिसत नाही याची खात्री झाल्यावरच ती खुर्चीवर बसली.

हे काम मनावर बसते. आठवड्यातून एकदा समुपदेशकांसोबत आमची बैठक असे. तिच्यात कोणत्या मुलाची कोणती गोष्ट झोप येऊ देत नाही, हे बोलायचे असे. सुरुवातीला मला ती बैठक वेळ खाणारी वाटली, नंतर मी तिची वाट पाहू लागले. फेलोशिप चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही सोय ठेवलीच पाहिजे, आणि मानधनही पुरेसे वाढवले पाहिजे, कारण उन्हाळ्यात घरी पैसे पाठवावे लागणारे माझे अनेक वर्गमित्र इच्छा असून अर्ज करू शकले नाहीत, आणि या मुलांचे जगणे जवळून जाणणारे तेच आहेत.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने हस्तांतरणाचे टिपण लिहायचे होते: कोणत्या मुलाची पुढची तारीख कधी, कोणता कागद कुणाकडून यायचा आहे, मुलाला काय सांगितले आहे आणि काय सांगायचे राहिले आहे. पालकांच्या फोनची वेळही त्यात लिहायची, कारण घरकामाला जाणारी आई दुपारी दोन ते चार यातच बोलू शकते. बीडच्या मुलाच्या पानावर मी मुख्याध्यापकांचा क्रमांक आणि शाळा सुरू होण्याची तारीख लिहिली.

आमच्या संस्थेने अर्ज फेब्रुवारीत मागवले होते, त्यामुळे इच्छुकांनी शिफारसपत्र आणि पोलीस पडताळणीची तयारी जानेवारीतच सुरू करावी. ज्यांना फेलोशिप मिळणार नाही, त्यांना आपल्याच जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी जागा आहे, आणि उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक मुलाला 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क असल्यामुळे हे काम प्रत्येक जिल्ह्यात आहे. मी पुण्यात परतल्यावर नाव नोंदवले आहे. नोंदणीच्या अर्जात कोणत्या विषयात काम करायचे हा रकाना असतो; तिथे बाल न्याय मंडळ असे लिहावे आणि कोणत्या वारी येऊ शकतो तेही लिहावे, म्हणजे त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलांकडे पाठवणे कार्यालयाला सोपे जाते.